उलटी गुंडाळलेली दोरी

हऱ्या, तुझ्या बाराव्याला मी जेवलो नाही. वहिनीने पान वाढलं होतं, तुझ्या भावाने, जगनने, हाताला धरून बसवलं होतं, पण समोर पांढऱ्या सफारीतला जो माणूस उभा राहून तुझ्यावर बोलत होता, त्याचं तोंड बघूनच घास आत जाईना. "आपला हरेश्वर म्हणजे वेसाव्याच्या दर्याचा राजा. बुडणाऱ्या कितीतरी जीवांना त्याने वाचवलं," असं म्हणाला तो. सगळ्यांनी माना डोलावल्या. शी! मला त्याच्या पायावर थुंकावंसं वाटलं.

तू एक सोडून कुणालाच वाचवलं नव्हतंस. तू बॉड्या काढायचास. रविवारी पिकनिकला आलेली माणसं बियर पिऊन खडकापलीकडे पाण्यात शिरायची, मग चौकीवरून हवालदार कोळीवाड्यात यायचा आणि तुझ्या दारात उभा राहून म्हणायचा, "चल रे हरेश्वर, काम आहे." काम! तू होडी काढायचास, कधी त्याच दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, फुगून वर आलेलं ते काहीतरी दोरीने बांधून ओढत आणायचास. हवालदार तुला कटिंग चहा पाजायचा. तू घरी येऊन चारदा साबणाने अंग घासायचास आणि तरी दोन दिवस वहिनीच्या हातचं कालवण तोंडात धरवायचं नाही तुला. हे त्या सफारीवाल्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण मीही मान खाली घालून बसलो, कारण तिथे बोलायचा अधिकार मला उरला नव्हता.

तो का उरला नव्हता, ते इथे लिहितोय. तुला ठाऊकच आहे म्हणा. पण मी ते एकदाही तोंडाने कबूल केलेलं नाही, आणि आता तू ऐकून घ्यायला नाहीस म्हटल्यावर माझी जीभ सुटलीय. असाच आहे मी. थू माझ्यावर.

पहिल्यांदा तू आलास तो वाकलेला शाफ्ट खांद्यावर टाकून. होडीचा शाफ्ट, पंखा फिरवणारा दांडा, आठ फुटी. साकीनाक्याच्या माझ्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल, भिंतीला लागून सळ्या ठेवायची लोखंडी घोडी, एवढ्यातच जागा संपते. तू आत शिरलास आणि तुझ्याबरोबर सुक्या बोंबलांचा असा काही भपकारा आला की मी फडकं नाकाला लावलं. म्हणालो, "तू तिकडे, लेथच्या पलीकडे बस. इकडे यायचं नाही." तू हसलास. "मालवणी हायस ना रे तू? मालवणी असून बोंबलाला नाक मुरडतोस?" मी म्हणालो, "आम्ही मासे खातो. अंगाला चोळून फिरत नाही." त्यावर तू एवढ्या जोरात हसलास की शेजारच्या गाळ्यातला पॉलिशवाला डोकावून गेला.

त्या दिवसापासून तुझी जागा ठरली. लेथच्या पलीकडे, सळ्यांच्या घोडीवर, माझ्या समोर. आठ वर्षं तू तिथे बसलास. बापाची गिरणी बंद पडली आणि तो नाहूरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपून राहायला लागला, तेव्हा तू तिथे बसून मला शिव्या घातल्यास आणि कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्यांचे शाफ्ट माझ्याकडे वळवलेस. माझा गाळा तुझ्यामुळे चालला. हेही मी कधी बोललो नाही. बोललो ते एवढंच, "पलीकडे बस. वास येतो."

मग ती स्कूटर आली. पाण्यातली. उभ्याने चालवायची.

गोरेगावच्या स्टुडिओवाल्यांचं शूटिंग होतं खाडीपलीकडे. खलनायक पळतो आणि मागून हिरो ते परदेशी यंत्र घेऊन लाटांवरून येतो, असलं काहीतरी. तुला त्यांनी सेफ्टीची होडी घेऊन उभं केलं होतं. तू परत आलास तो वेड लागल्यासारखा. घोडीवर बसलास आणि हातवारे करत सुटलास. "वश्या, एक लाइटवाला खडकावरून घसरला, सरळ फेसात. माझी होडी आत जाईना, आपटली असती तर फळकुटं झाली असती. स्टंटवाला बाजूला उभा होता. म्या त्याची स्कूटर घेतली नि गेलो."

"तुला चालवता येते?"

"सकाळी शिकवलन त्यानं. तिसऱ्यांदा उभा रायलो. होडीच्या काठावर उभं रायल्यासारखंच हाय रे. पंखा आत असतो तिचा, पोटात. पाणी खालून ओढते नि मागून फेकते. माणसाचा पाय कापायची भीती नाय. त्या लाइटवाल्याला म्हटलं, मागं धर. धरलन त्यानं. आनला." मग तू स्वतःच्या तळहाताकडे बघितलंस. म्हणालास, "जिता आनला. गरम होता हात त्याचा."

आठ वर्षांत मी तुझा तसा चेहरा पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट तू त्या दिवशी सांगितलीस. मला ती थाप वाटली. स्टंटवाल्याने तुला सांगितलं होतं की पडलास तरी घाबरू नको, यंत्र पळून जात नाही, हळूहळू गोल गोल फिरत राहतं आणि पडलेल्या माणसाजवळ परत येतं. "कुत्र्यासारखं," तू म्हणालास. मी म्हणालो, "हो, आणि शेपूट पण हलवतं."

शूटिंग संपलं आणि त्या दीडशहाण्यांनी स्कूटर गोड्या पाण्याने न धुता तशीच ठेवून दिली. खारं पाणी इंजिनात. महिन्याभरात जाम. तू बघून आलास तेव्हा ती स्टुडिओच्या मागच्या गोदामात प्लास्टरच्या मोडक्या हत्तीशेजारी पडली होती आणि तिच्यात कुणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. ते सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्हा कोळ्यांचं इंजिन म्हणजे घरातलं माणूस. पावसाळ्यात होडीतून काढून घरात आणून ठेवता, पुसता, फुलं वाहता. दोन टोपल्या पापलेट प्रॉडक्शनवाल्याच्या घरी टाकलेस आणि टेम्पोत घालून ती माझ्याकडे आणलीस. दिवाळी नुकतीच झाली होती.

"वश्या, नवं इंजिन टाक हिच्यात. पुढच्या पावसाळ्याआधी."

"कशाला? समुद्रात मिरवायला?"

"मेलेली मानसं काढून वीट आला रे. त्या लाइटवाल्यासारखी जिती काढायची हायत मला."

एवढंच होतं ते सगळं. इंजिन कुठलं टाकायचं हा प्रश्न नव्हताच मुळात. पण आपण दोघं मूर्ख, आपण तोच प्रश्न करून बसलो.

किती भांडलो रे त्यावर! मूळ इंजिन उघडलं तर पिस्टन सिलिंडरला असा चिकटलेला की घणाने ठोकून निघेना, आणि त्याचे पार्ट मिळणार कुठे, परदेशात. तू म्हणालास, रिक्षाचं टाक, नाक्यानाक्यावर मिळतं. मी म्हणालो, रिक्षाच्या इंजिनावर तू एकटा कसाबसा तरंगशील, बुडणारा काय मागून पोहत येणार आहे? तू म्हणालास, होडीचं छोटं डिझेल. मी म्हणालो, मग ती स्कूटर राहणार नाही, नांगर होईल. तू म्हणालास, रॉकेलवर चालणारं होडीच्या मागे लावायचं इंजिन. ते चांगलं होतं, मान्य, पाण्यावर थंड होणारं. पण त्याचा शाफ्ट उभा खाली जातो आणि आपल्याला हवा होता आडवा. आडवं पाडून बघितलंस तू स्वतः, कार्बोरेटरमधून सगळं रॉकेल माझ्या फरशीवर सांडवलंस. वर म्हणतोस कसा, "चला, फरशी तरी पुसून निघाली." तो वास महिनाभर गेला नाही. बोंबील अधिक रॉकेल. घरी बायको मला अंगणात उभं करून कपडे काढायला लावायची.

शेवटी माझं ठरलं. ती नवी जुळ्या सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल निघाली होती ना, जिच्यावर पोरं वेडी झाली होती, तिचं इंजिन. ताकद तिच्यात होती. गिअरबॉक्सचा भाग कापून टाकायचा, सिलिंडरभोवती पत्र्याचं कवच वेल्ड करून त्यात पंपाचंच पाणी फिरवायचं, म्हणजे थंड राहील. कुर्ल्याच्या भंगारात आपल्याला एक सापडली, अपघातातली. टाकी चेपलेली आणि हँडलला कुणाचे तरी केस चिकटलेले. मला ओकारी आली. मी म्हणालो, नको, दुसरी बघू. तू ते केस बोटाने काढलेस, कागदात गुंडाळलेस, खिशात ठेवलेस, संध्याकाळी खाडीत सोडलेस. म्हणालास, "मेलेल्याचं इंजान, मरनाऱ्यांना काढायला. बरं हाय की." तुला कशाचीच किळस नव्हती, आणि मला सगळ्याची.

आता ऐक. नेमकं कुठे चुकलं ते मी कागदावर पहिल्यांदाच उतरवतोय.

स्कूटरच्या पोटातला पंप तुझ्या मांडीवर होता, घोडीवर. इंजिन माझ्यासमोर, टेबलावर. मधे लेथ. पंपाचा पंखा एकाच बाजूला फिरला तर पाणी मागे फेकतो, हे तुला स्टंटवाल्याने दाखवलं होतं. मी विचारलं, "कुठे फिरतो?" तू जोडाचं तोंड स्वतःकडे करून हाताने फिरवून बघितलंस. "उजवीकडं." मी पाना लावून इंजिनाचा दांडा फिरवला, माझ्याकडच्या तोंडाने बघितलं. "माझंही उजवीकडे. झकास! बसलं." आणि जोडायला घेतलं.

दोघांचंही उजवंच होतं. पण समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचं उजवं एक नसतं, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. ती दोन तोंडं एकमेकांना भिडवली की एक इकडे आणि दुसरं तिकडे. तू माझ्या बाजूला येऊन बसला असतास, दोघांनी एकाच बाजूने बघितलं असतं, तर तिथल्या तिथे कळलं असतं. तू का नव्हतास माझ्या बाजूला? कारण मी आठ वर्षं नाकाला फडकं लावून तुला पलीकडे बसवत होतो. हे कारण आहे, हऱ्या. दुसरं काही नाही. पंधरा वर्षं टर्नरचं काम केलेला मी, अर्धं सूत इकडचं तिकडे होऊ देत नाही, आणि बोंबलाच्या वासापायी अख्खं इंजिन उलटं जोडलं.

शिमग्याला आपण ती पाण्यात उतरवली. तुमच्याकडे त्या दिवशी होड्या सजतात, पूजा होते, सगळा कोळीवाडा धक्क्यावर. वहिनीने स्कूटरच्या नाकाला हार घातला, नारळ फोडला. तू नवा कोरा टीशर्ट घालून तिच्यावर उभा राहिलास. मी कमरेएवढ्या पाण्यात, इंजिन सुरू करायच्या चाकाभोवती दोरी गुंडाळून. ओढली. इंजिनाने असं कडकडून धरलं म्हणतोस, एका झटक्यात सुरू! माझी छाती फुगली. आणि ती स्कूटर सगळ्या गावासमोर, हार घातलेली, मागे निघाली. नाकाखालून पाणी उडवत, गोगलगायीच्या वेगाने, धक्क्याकडे. तू हँडल धरून उभा, नवऱ्यामुलासारखा, पाठमोरा चाललास.

मग ती म्हातारी ओरडली, वरून, दात नसलेली. "मालवनी इंजान हाय! गावाकडं निघालं!"

असे हसले लोक, असे हसले. तूही हसलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसत हसतच मला म्हणालास, "वश्या, टू-स्ट्रोक हाय ना? दोरी उलटी गुंडाळ, उलटं चालव. माज्या बापाच्या होडीचं डिझेल एकदा उलटं चाललं व्हतं. धूर फिल्टरमधून निघाला, पण चाललं."

तू बरोबर होतास. टू-स्ट्रोकला उजवं-डावं नसतं, ठिणगीची वेळ तेवढी बदलून दिली की ते उलटंही तितक्याच खुशीने फिरतं. मला त्याच क्षणी कळलं होतं. पाण्यात उभा असतानाच कळलं होतं. पण लोक हसत होते, आणि मला अक्कल एक मासेवाला शिकवत होता. मी काय म्हणालो ते तुझ्या भावाने ऐकलं, वहिनीने ऐकलं, त्या म्हातारीनेही ऐकलं. मी म्हणालो, "माशाच्या टोपलीतली अक्कल माझ्या लेथवर नको. इंजिनच दुसरं टाकावं लागेल."

तुझं हसू तिथेच थांबलं. तू खाली उतरलास, हार काढलास आणि स्कूटर टेम्पोत चढवायला मला मुकाट्याने मदत केलीस. त्यानंतर तू घोडीवर बसायला आला नाहीस. एकदा जगनकडून विचारलंस, दोरीचं बघितलं का. मी सांगून पाठवलं, इंजिन शोधतोय. शोधत बिधत नव्हतो काही. स्कूटर कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून लेथ चालवत होतो. एप्रिल गेला, मे गेला. पाऊस लागला आणि पिकनिकवाले यायला लागले.

सोमवारी सकाळी तू आलास. घोडीकडे गेला नाहीस. पहिल्यांदाच लेथला वळसा घालून माझ्या बाजूला आलास आणि अगदी खांद्याला खांदा लागेल असा उभा राहिलास. बोंबलाचा वास नव्हता. साबणाचा होता, कारखान्यात हात धुवायला देतात त्या लाल साबणाचा, आणि त्याखाली दुसरा कसला तरी. मी ओळखलं.

"काल दोन काढले," तू म्हणालास.

मी लेथ बंद केला नाही.

"एक जिता व्हता वश्या, म्या बघला तवा. हात वर व्हता त्याचा. असा. होडी खडकात जाईना. म्या बघत रायलो."

आणि मी काय म्हणालो? लेथवरची नजर न काढता म्हणालो, "मग मी काय करू? पोलिसांना सांग किनाऱ्यावर दोर बांधायला."

तू ताडपत्रीकडे बघितलंस. मग गेलास. तू गेल्यावर मी काय केलं माहितीये? फडकं घेऊन तू उभा होतास तिथली लेथची कड पुसली. एवढा नीच माणूस आहे मी.

तुला कावीळ झाली तेही मला जगननेच सांगितलं. म्हणाला, डोळे पिवळे झालेत, पण तो दवाखान्यात जायला तयार नाही, कुणा बाईकडे जाऊन उतरवून आला. तो चुन्याच्या पाण्याचा खेळ. हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की म्हणायचं, बघा, उतरली. मला त्या पिवळ्या पाण्याची अशी काही शिसारी आली आणि तुझा असा काही संताप आला! इंजिनाला एक थेंब खारं पाणी लागलं तर जिवाचं रान करणारा माणूस, स्वतःच्या लिव्हरला चुना लावून बसतो? वाटलं, जावं आणि कॉलर धरून ओढत न्यावं डॉक्टरकडे. तू माझं ऐकलं असतंस. वहिनीचं नाही ऐकायचास, पण माझं ऐकायचास. मी म्हणालो, जाऊ रविवारी. रविवारी म्हणालो, आधी इंजिनाचं काहीतरी करू, रिकाम्या हाताने कसं जायचं. मग सोमवार आला, आणि काम आलं, आणि तुला हॉस्पिटलात नेलं तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास.

तिरडीवर तू हळदीसारखा पिवळा होतास. वहिनी रडत नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "रोज इचारायचा. वश्या आला का. म्या म्हनायची, यील. तो म्हनायचा, रागावलाय, पन यील." तिने मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तिने मला तुझ्या पायाशी जागा करून दिली.

बाराव्याच्या जेवणातून उठलो तो सरळ गाळ्यावर गेलो. जगन मागोमाग आला, दारात थांबला आणि सवयीने घोडीकडे वळायला लागला. तोही तसाच, बोंबलाच्या भपकाऱ्यात बुडालेला. मी म्हणालो, "तिकडे नको. इकडे ये. माझ्या बाजूला." मी स्टूल ओढून माझ्या शेजारी ठेवलं. ताडपत्री काढली. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची प्लेट खोलली, उलट बाजूला फिरवली, ती बसवायला दोन नवी भोकं पाडली, ठिणगीची वेळ लावली, दोरी उलटी गुंडाळली. जगनला म्हटलं, ओढ. पहिल्या झटक्यात नाही. दुसऱ्या झटक्यात धरलं.

आम्ही दोघांनी एकाच बाजूने वाकून पंखा बघितला. बरोबर फिरत होता.

घड्याळ बघितलं मी. अर्धा दिवस. हऱ्या, अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे केलं असतं, तर एप्रिल होता तुझ्याकडे, मे होता, तो रविवार होता. तो हात वर होता तेव्हा तू खडकात गेला असतास. कोण होता तो माणूस, मला नाव माहीत नाही, त्याच्या घरी कोण आहे तेही माहीत नाही. तुला मात्र तो हात शेवटपर्यंत दिसत असणार. तो मी तुला दाखवला. दुसरं इंजिन नको होतं. दुसऱ्या बाजूने बघायला हवं होतं, आणि ती बाजू तू मला हसत हसत सांगितली होतीस, आणि मी तिला टोपली म्हणालो.

तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. झालं एकदाचं लिहून. बघ, दोन ओळींचं काम. तेही इतके महिने जमलं नाही मला.

नारळी पौर्णिमा झाली. तुमच्या घरी यंदा सण नाही, म्हणून वहिनी नारळ द्यायला गेली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनेच निरोप धाडला, भरती दुपारी हाय, घेऊन या. धक्क्यावर दहाबारा माणसं होती. ती म्हातारीही होती. ह्या वेळी कुणी काही ओरडलं नाही. वहिनीने हार आणला नव्हता. जवळ येऊन तिने नाकाला नुसता हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. मला पोहता येत नाही, तुला माहीतच आहे, त्यावरून काय काय बोलायचास तू. दोरी उलटी गुंडाळली, ओढली, धरलं. जगन चढला. स्कूटर पुढे गेली, हऱ्या. पुढे! मागून पाणी असं उसळलं की माझं तोंड भिजलं. पन्नासएक हात गेली आणि जगन पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा गुडघ्यावर उभा राहिला आणि आडवा झाला. त्याला तोल सापडत नाही अजून. उभं राहणारा एकच माणूस होता आमच्यात. चौथ्यांदा पडल्यावर तो दमला, आणि पोहत धक्क्याला आला, ओठ निळे पडलेले. म्हणाला, "उद्या परत. शिकेन मी वश्याभाऊ, सोडनार नाय." शिकेल तो. नाक तुझंच आहे, हट्टही तुझाच असेल.

पण यंत्र पाण्यातच होतं, चालू. कुणी नव्हतं त्याच्यावर. मला वाटलं आता जातं खाडीच्या तोंडाला. तर ते हळूच वळलं. हँडल एका बाजूला कललं आणि ते गोल फिरायला लागलं, बारीक आवाज करत, जिथे माणूस पडला होता त्या जागेभोवती. एक फेरी. दुसरी फेरी. थाप नव्हती ती तुझी. माणूस पडलाय, तो वर येईल, धरेल, असं धरून ते फिरत होतं.

जगन म्हणाला, जाऊन बंद करतो, पेट्रोल फुकट जातंय. मी त्याचा दंड धरून ठेवला आणि पेट्रोल संपेपर्यंत त्याला जाऊ दिलं नाही.